बघणाऱ्यांची भाकरी

जबाब
दि. १३ फेब्रुवारी २०२५, दुपारी ३.१० वाजता लिहिण्यास सुरुवात

मी हर्षला किशोर ऐनकर, वय ३२ वर्षे, शिक्षण बारावी, धंदा तांदळाच्या भाकऱ्या घरी करून विकणे, राहणार कडाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. माझा मोबाइल नंबर दिला आहे, परंतु तो फोन आज सकाळी मीच येथे जमा केला असल्याने त्यावर फोन करू नये. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारले ते ऐकून, आठवते तसे सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती किशोर, सासूबाई बायजा धाकलू ऐनकर, वय ६८ वर्षे, व मुलगी आरोही, वय ९ वर्षे, असे चौघे राहतो. पती खोपोली येथे एका कारखान्यात फिटर आहेत. सासरे हयात नाहीत. सासूबाईंना मी आई म्हणते, त्यामुळे पुढे जिथे आई असे येईल तिथे सासूबाई समजावे. माझी जन्मदाती आई नेरळला असून तिचा या घटनेशी संबंध नाही.

आई भाजल्याची वर्दी रुग्णालयाकडून आल्यामुळे मला बोलावले आहे. सासू चुलीपाशी भाजली, सून घरात नव्हती आणि दाराला बाहेरून कडी होती, या तीन गोष्टी एका कागदावर आल्या की कोणीही बोलावेल. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आई पस्तीस वर्षांपासून भाकऱ्या करून देतात. आमच्या भागात हळदीच्या जेवणाला तांदळाची भाकरी लागतेच, आणि शंभर-दोनशे भाकऱ्या घरी थापण्याची ताकद आता कोणाच्या घरात राहिली नाही. तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचे गिऱ्हाईक म्हणजे कडाव आणि आजूबाजूची चार गावे एवढेच होते. त्या वर्षी बचत गटाच्या बायकांना व्हिडिओ कसे करावेत याचे एक दिवसाचे शिक्षण मिळाले. शिकवणाऱ्या ताईंनी सांगितले की महागाचे काही लागत नाही. उजेड समोरून घ्या, फोन हलू देऊ नका, आवाज स्वच्छ ठेवा आणि एका व्हिडिओत एकच गोष्ट दाखवा. मी ते वहीत उतरवून घेतले. ती वही घरी आहे, लागल्यास आणून देईन.

पहिल्या व्हिडिओत मी गाणे लावले, चमकणारी अक्षरे टाकली आणि आईंना लग्नातली साडी नेसवली. तो चौदा जणांनी पाहिला, त्यातले आठ आमचेच पाहुणे होते. दुसऱ्या वेळी सगळे काढून टाकले. भाकरी थापल्याचा आवाज आणि तव्यावर ती फुगते तेवढेच ठेवले. आमचे स्वयंपाकघर अंधारे आहे, म्हणून पतीने चुलीच्या वरचे एक कौल काढून तिथे काचेचे कौल बसवले. आवाजासाठी जुन्या इयरफोनचा माईक आईंच्या पदराला छातीपाशी सेफ्टी पिनने लावत असू. स्टँड घेतला नाही. भात मोजायच्या लोखंडी पायलीत काठोकाठ तांदूळ भरून त्यात फोन खोचला की तो तसूभर हलत नाही. पायली जमिनीवर, आईंच्या समोर ठेवायची, कारण आई पाटावर बसूनच भाकरी करतात.

फोन कसा ठेवायचा यावरून आमचे वाजले होते, ते सांगणे जरुरीचे आहे. मागचा कॅमेरा चांगला असतो, म्हणून मी फोनची पाठ आईंकडे करत असे. आई तोंड उघडेनात. म्हणाल्या, “मानसाच्या पाठीशी बोलायची आपली रीत नाय गं. तोंड कर त्याचं माज्याकडं.” मी समजावले की चित्र खराब येईल. “येव दे. मी काय नटी हाय?” त्या दिवसापासून फोनचे तोंड आईंकडे असते. चित्र खरोखर खराब येते. परंतु त्यामुळे लाइव्ह चालू असताना पडद्यावर काय चालले आहे ते आईंना दिसते.

लाइव्ह म्हणजे आपण करतो ते त्याच क्षणी लोकांना त्यांच्या फोनवर दिसते, व ते खाली लिहून बोलू शकतात. आईंना अक्षर येत नाही. अंक येतात, कारण भाकऱ्या मोजाव्या लागतात. हे मी लाइव्हमध्ये सांगून टाकले होते, की आईंना वाचता येत नाही, तुम्ही लिहिलेले मी वाचून दाखवीन, पण मी नसेन तेव्हा बदाम दाबत जा. बदाम दाबला की पडद्यावर लाल बदाम खालून वर तरंगत जातो. एका माणसाने पाहिजे तितक्या वेळा दाबता येतो. बदाम उडाला की समोर कोणीतरी आहे, एवढे आईंना कळत असे. कोपऱ्यात किती माणसे बघत आहेत त्याचा आकडा असतो, तोही त्यांना वाचता येई.

आमच्या लाइव्हला लाखो माणसे येत नाहीत. पाच येतात, कधी दहा. पती मला चिडवत असत, “सात मानसं म्हंजे आपल्या ओटीवर मावतील. त्यांच्यासाठी कौलं काय काढतेस, त्यांनाच जेवायला बोलाव.” आईंना मात्र ती माणसे ओटीवरच बसलेली वाटत. त्या रोजच्या पहिल्या भाकरीला हात लावू देत नसत. ती ताटलीत घालून पायलीसमोर ठेवत. कोणाच्या नजरेसमोर अन्न शिजवले तर त्याला विचारल्यावाचून खाऊ नये, अशी त्यांची पद्धत आहे. तिला आमच्या घरात बघणाऱ्यांची भाकरी म्हणतात. लाइव्ह संपले की ती गाईला जाते. पंचनाम्यात “ताटलीत एक अख्खी भाकरी” अशी नोंद आहे व ती कोणाची, असे मला विचारण्यात आले, त्याचे उत्तर हे आहे.

दि. ११ रोजी मंगळवारी कशेळे येथे हळदीच्या जेवणाच्या एकशे वीस भाकऱ्या द्यायच्या होत्या. पती पहाटे कामावर गेले, आरोही शाळेत गेली. आईंनी पहाटेच भाकऱ्या करायला घेतल्या होत्या, मी सकाळी १०.०५ वाजता लाइव्ह चालू केले. मध्ये फोन आला की लाइव्ह अडकते, म्हणून येणारे फोन बंद ठेवायची सोय असते ती लावली. ११.१८ वाजता भाकऱ्या कापडात बांधून झाल्या. मी लाइव्ह बंद करायला वाकले तेव्हा कोपऱ्यात सात आकडा होता.

आई म्हणाल्या, “काय करतेस?”

मी म्हटले, “बंद करते. निघायचंय मला.”

“सात मानसं बसल्यात अजून. बसलेल्या मानसाला ऊठ म्हनतं का कोन? तू जा. मी बोलतेय त्यांच्याशी.”

माझ्याकडे तो एकच फोन आहे. तो घेऊन जावा असे मला वाटले होते. परंतु आईंनी तोवर पीठ पुढे ओढले होते, घरच्या चार भाकऱ्या राहिल्या होत्या. मी लाइव्हमध्ये सांगितले की मी कशेळ्याला जाऊन येते, तोवर आई बोलतील, आणि ११.२५ वाजता स्कूटीवरून निघाले. दाराला बाहेरून कडी लावली, कारण आई चुलीपाशी असल्या की त्यांना उठवत नाही व गल्लीतली कुत्री भाकरीच्या वासाने आत येतात. ही कडी मी रोज लावते. पुन्हा लावणार नाही.

यापुढे जे सांगते ते मी डोळ्यांनी तेव्हा पाहिलेले नाही. लाइव्ह आपोआप जतन होते. शेजाऱ्यांनी फोन घरून आणून दिल्यावर तो चार्ज करून ते मी मंगळवारी सायंकाळी पनवेलच्या रुग्णालयात बाकावर बसून पाहिले व नंतर पुन्हा पाहिले. लोकांनी लिहिलेले सगळे, ज्याच्या त्याच्या वेळेसह, नऊ पानांवर छापून सोबत जोडले आहे.

मी गेल्यावर आई सोळा मिनिटे बोलत होत्या. त्या लग्न होऊन कडावला आल्या तेव्हाची गोष्ट सांगत होत्या. ११.४१ वाजता “माजी पयली भाकरी तव्यावर तुटली, तवा सासू म्हनाली” एवढे बोलून थांबल्या. पुन्हा तेच बोलल्या, तेव्हा शब्द जड आले. तोंडाची डावी बाजू खाली आलेली चित्रात दिसते. हातातला गोळा परातीत पडला. ११.४३ वाजता त्या डाव्या कुशीवर कलल्या. डोके पाटाच्या शेजारी, तोंड फोनकडे, आणि डावा हात चुलीच्या तापलेल्या कडेला टेकला. त्या हाताला काही कळत नसल्यामुळे त्यांनी तो काढून घेतला नाही. पदराचे टोक विस्तवापासून वीतभर अंतरावर होते.

११.४४ वाजता समीक्षा या नावाने पहिले वाक्य आहे, “आजी, हात उचलून दाखवा.” या मिरजेच्या एका रुग्णालयात नर्स आहेत. रात्रपाळी करून घरी आल्यावर झोप येईपर्यंत भाकऱ्या बघत पडण्याची त्यांना सवय आहे, असे त्यांनी मला नंतर सांगितले. लगेच खाली त्यांनी लिहिले, “हा पक्षाघात आहे. कोणीतरी फोन करा. घर कुठे आहे?”

सगळ्यांनी एकदम फोन केले. भाकरी बांधायच्या पिशवीवर आमचे नाव, कडाव आणि मोबाइल नंबर छापलेला आहे, ती पिशवी मागे खुंटीला दिसत होती. सहा जणांनी त्या नंबरवर फोन लावला. तो नंबर त्या पायलीतल्याच फोनचा. फोन येणे मी बंद केलेले. त्यांचे सतरा फोन माझ्या यादीत दिसतात.

एक ट्रक चालवणारे गृहस्थ आहेत, ते हिंदीत लिहितात, गाडी खाली होण्याची वाट बघत गुजरातमध्ये एका गोदामाबाहेर उभे होते. त्यांनी ११२ लावला. तो तिकडच्या नियंत्रण कक्षात लागला, त्यांनी तिथून इकडे जोडून घेतला आणि कडाव हे नाव चार वेळा अक्षर अक्षर फोडून सांगितले. त्यांना मराठी येत नाही. दोन वर्षे ते आमच्या आईंचे बोलणे न समजता ऐकत होते. “स्वराजची आई” एवढेच नाव लावणाऱ्या इचलकरंजीच्या एका बाईंनी १०८ वर रुग्णवाहिका सांगितली. उदगीरचे निवृत्त शिक्षक आबाजी सर रोज येऊन फक्त “नमस्कार” लिहितात. त्यांनी कडावमधल्या दुकानांचे नंबर शोधून एकेकाला फोन लावायला घेतले. दुकाने दुपारची बंद होऊ लागली होती, तरी ते यादी सोडत नव्हते. कोणी उचलले नाही की तसे लिहीत व पुढचा लावत.

घरापर्यंत माणूस पोहोचला तो दुबईमार्गे. अक्षय नावाचे एक गृहस्थ दुबईत हॉटेलात आचारी आहेत, मूळचे खालापूर तालुक्यातले. त्यांनी लिहिले, “माझा मामा नेरळला टेंपो चालवतो, त्याची चुलत बहीण कडावला दिलेली आहे.” मामांचे नाव नागू. त्यांची बहीण म्हणजे आमच्यापासून चार घरे सोडून राहणाऱ्या हिरूकाकी. एवढ्या मोठ्या जगात सात माणसे बसली होती आणि त्यातल्या एकाच्या मामाची चुलत बहीण आमच्या आळीत दिलेली निघाली. हे मी छापील पानावर बोट ठेवून पुन्हा वाचले. लिहून घेणाऱ्या मॅडमनी हे लिहायचे का, असे विचारले. मी लिहा म्हणाले.

हिरूकाकींनी मला सांगितले ते असे. त्या अंगण सारवत होत्या. नागूमामांनी फोनवर विचारले, “तुज्या गावात भाकरीवाली म्हातारी कोन गं? पडलेय ती. दुबईवरनं दिसतेय.” त्या म्हणाल्या, “दुबईवरनं कशी दिसंल रं आमची बायजा? मला हितनं दिसत नाय.” मग शेणाचे हात तसेच ठेवून धावल्या. त्या ११.५८ वाजता कडी काढून आत आल्याचे चित्रात दिसते. त्यांनी आधी आईंचा हात चुलीवरून उचलला, मग पदर.

११.४३ ते ११.५८ ही पंधरा मिनिटे आई एकट्या होत्या असे वर्दीत आहे. त्या पंधरा मिनिटांत जे झाले तेच सांगायला मी आले आहे, बाकीचे आपल्याला कडीवरून आणि वेळेवरून कळलेच असते.

अमरावतीला वसतिगृहात राहून परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी त्या सातांमध्ये होती. सगळे लिहीत होते तेव्हा तिने लिहिले, “आजींना वाचता येत नाही. डोळे उघडे आहेत. बदाम दाबा. थांबू नका.” त्यानंतर पडदा लाल दिसतो. एका हाताने फोन लावत होतो आणि दुसऱ्या हाताने बदाम दाबत होतो, असे आबाजी सरांनी मला सांगितले. त्यांनी सुनेचा फोन मागून घेतला होता. एरवी आमच्या लाइव्हला तीस-चाळीस बदाम येतात. त्या दिवशीचा आकडा चार हजार तीनशे सोळा आहे. त्यातला एकही बदाम आईंच्या कशाला उपयोगाचा नव्हता. त्याने हात हलला नसता की पदर मागे झाला नसता. तरी सात माणसे, सात ठिकाणी, कामे टाकून, आमच्या आईंना कळावे म्हणून बोट आपटत राहिली.

पदराला लावलेला माईक खाली पडला नव्हता. त्यातून आईंचा श्वास बाहेर ऐकू जात होता. समीक्षाताईंनी लिहिले, “श्वास ऐकू येतोय, मी मोजतेय,” आणि मग दर मिनिटाला नुसता आकडा लिहीत गेल्या. १८. १९. १७. १७. २०. सहाव्या पानावर हे आकडे एकाखाली एक आहेत. डॉक्टरांना मी ते पान दाखवले. त्यांनी ते त्यांच्या कागदांत लावून घेतले.

११.५८ नंतर हिरूकाकींनी हाका मारून माणसे जमवली. १२.११ वाजता आपली, म्हणजे पोलीस ठाण्याची, गाडी आली व १२.१४ वाजता रुग्णवाहिका. मी १२.१७ वाजता पोहोचले. मधल्या वेळात मी कुठे होते, असे विचारल्यावरून सांगते की, ११.४५ च्या सुमारास मी कशेळ्याला लग्नघरी भाकऱ्या उतरवल्या, त्यांनी बसवून घेतले, मी कोकम सरबत प्यायले आणि नवरीची ओटी बघितली. मिरजेला कळले होते, उदगीरला, दुबईला कळले होते. मला कळले नव्हते. मी दुसरा ग्लासही घेतला.

मी आईंबरोबर रुग्णवाहिकेत बसले. फोनकडे माझे लक्ष गेले नाही. हिरूकाकींचे गेले. त्या पायलीसमोर वाकून बोलल्या ते जतन झालेले आहे: “नेली हो तिला. जीव हाय. तुमी बी आता जेवून घ्या.” त्यावर एकेकाने निरोप लिहिला. आबाजी सरांनी “नमस्कार” लिहिले. मग हिरूकाकी दार ओढून आरोहीला आणायला शाळेत गेल्या.

आईंना आधी कर्जतच्या सरकारी रुग्णालयात व तिथून पनवेलला नेले. तीन तासांच्या आत आणले म्हणून औषध लागू पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. अजून एक-दीड तास गेला असता तर ते देता आले नसते, असेही ते म्हणाले. डाव्या हाताची चार बोटे व मनगट भाजले आहे. चेहरा बराच सरळ झाला आहे. पती खोपोलीहून परस्पर आले. त्यांना मी फोनमधले सगळे दाखवले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि फोन माझ्या हातात देऊन पाणी प्यायला गेले. ते बऱ्याच वेळाने परत आले.

काल दि. १२ रोजी दुपारी आई पहिल्यांदा समजेल असे बोलल्या. त्यांनी विचारले, “ती मानसं गेली?” मी विचारले, कोण माणसे. “बसली व्हती ती. सात.” मी विचारले, तुम्हाला भीती वाटली का. त्या थांबून थांबून म्हणाल्या की नाही, समोर माणसे होती, बदाम उडत होते, आणि कोणीतरी भाकऱ्या मोजत होते. मोजणाऱ्याचे चुकत होते, एकोणिसावरून सतरावर येत होते, म्हणून त्यांना उठून सांगावेसे वाटत होते, पण उठता येत नव्हते. ते आकडे कशाचे होते हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. नंतर त्या म्हणाल्या, “त्यांची भाकरी दिलीस का?”

सहा जणांचे पत्ते मला मिळाले आहेत. त्या सगळ्यांनी आईंची चौकशी केली, आणि एक सोडून बाकी पाचही जणांनी विचारले की पहिली भाकरी तुटली तेव्हा सासू काय म्हणाली. ट्रकवाल्यांनी नाही विचारले, त्यांना ते कळलेच नव्हते. आज सकाळी मी आईंना विचारले. त्यांनी अर्ध्या तोंडाने हसून सांगितले, “म्हनाली, तुटली तर तुटली. पोटात जाऊन तुटायचीच हाय.” हे मी सहाही जणांना कळवले आहे, हिंदीत एकाला.

सातव्या व्यक्तीचा पत्ता मिळत नाही. त्या व्यक्तीला नाव नाही, फोटो नाही, नावाच्या जागी नुसते आकडे आहेत. दोन वर्षांत तिने आमच्याकडे एकही शब्द लिहिलेला नव्हता. १२.३१ वाजता बाकीचे सहा निघून गेले. कोपऱ्यातला आकडा एक झाला आणि एकच राहिला. घर रिकामे होते. गडबडीत चूल विझवायचे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. सरपण चुलीच्या बाजूला होते, कापडे होती, वर लाकडी माळा आहे. १२.५२ वाजता त्या आकड्यांच्या नावाने पहिल्यांदा लिहिले गेले, “चुलीत विस्तव आहे. घरात कोणी नाही. मी बसलो आहे.”

त्यावरून तो पुरुष असावा, एवढेच मला त्याच्याबद्दल माहीत आहे.

पुढे दोन तास चित्रात काही होत नाही. काचेच्या कौलातून पडलेला उजेड जमिनीवरून सरकतो आणि भाकरीच्या ताटलीवर येतो. मधून मधून एक बदाम उडतो, बघायला कोणी नसताना. २.३५ वाजता त्याने लिहिले, “विझली.” तरी तो गेला नाही. ३.०७ वाजता बॅटरी संपून फोन बंद पडला, तोपर्यंत आकडा एकच होता. मी काल त्याला आभाराचे लिहिले, अद्याप उत्तर नाही. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही, त्याने आमच्या घरात पाहिले म्हणून तर नाहीच. तो सापडल्यास त्याला त्रास देऊ नये. आईंनी पाठवलेली भाकरी घ्यायची आहे, एवढाच निरोप द्यावा.

या घटनेत माझा कोणावर संशय नाही. आई आजारी पडून चुलीपाशी कोसळल्या व त्यामुळे भाजल्या. कडी मी लावली होती. फोन चालू ठेवण्यास आईंनी सांगितले होते, आणि मी त्यांचे ऐकले हे बरे झाले. मी एरवी त्यांचे सगळेच ऐकते असे नाही.

हा जबाब मॅडमनी सावकाश वाचला व मी शेजारी बसून ऐकला. सगळे मी सांगितले तसेच होते, एक जागा सोडून. छापील रकान्यात “घटनेच्या वेळी घटनास्थळी हजर असलेले इसम” यापुढे “कोणी नाही” असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे “सात, बसलेले” असे लिहिले आहे आणि खाडाखोडीवर मी सही केली आहे. आता हा जबाब बरोबर आहे.